मालीश कॉलेजची पहिली तुकडी

त्या वर्षांत आमच्या लालबागेत दोनच गोष्टी चालू असत, मोर्चा आणि मोर्चाची तयारी. संयुक्त महाराष्ट्राचं राज्य मिळायचं बाकी होतं, पण ते मिळणार याबद्दल आमच्या चाळीत कोणाला शंका नव्हती. अशा हवेत विद्यापीठाने नव्या व्यवसायांचे अभ्यासक्रम काढायचे ठरवले आणि त्यातला एक, फिजिओथेरपीचा, थेट परळच्या इस्पितळात सुरू होणार, अशी बातमी आली. मी ती वडिलांना तीनदा वाचून दाखवली. फिजिओथेरपी म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. आपली पहिलीच तुकडी असणार, एवढं मला कळलं आणि तेवढ्यानेच मी हुरळून गेले.

वडील फोर्टातल्या एका कचेरीत कारकून होते. नको म्हणाले नाहीत, पण अट घातली. पहिल्या वर्षाला पास झाले तर पुढे शिकायचं, नाहीतर टायपिंग शिकून त्यांच्याच कचेरीत चिकटायचं. साहेबांच्या कानावर त्यांनी तसं घालूनही ठेवलं होतं. त्या कचेरीत मी एकदा डबा घेऊन गेले होते. ओळीने बसून टकटक करणाऱ्या बायका पाहून माझा जीव घाबरा झाला होता.

आमचं कॉलेज म्हणजे इस्पितळामागची एक पत्र्याची शेड. फळा होता, बाकं यायची होती. सांगाडा शेजारच्या मेडिकल कॉलेजातून मंगळवारी उसना मिळे आणि तो आणायचं काम आम्हा मुलींचं. दोघींनी खांद्याला धरून, तिसरीने पाय सांभाळत आम्ही तो भर दुपारी आणायचो, आणि येणारीजाणारी माणसं बाजूला होऊन वाट देत. आम्हाला हसू आवरत नसे. चाळीत आमच्या विद्येला ‘मालीश कॉलेज’ असं नाव पडलं. चौपाटीवर तेलाच्या बाटल्या वाजवत फिरणाऱ्यांना पदवी लागत नाही, मग हिलाच का लागते, असं खालचे काका मला रोज विचारत. मी रोज भांडत असे.

पहिल्या वर्षाच्या परीक्षेसाठी प्रत्येकीने एक रोगी तीन महिने हाताळायचा, नोंदवही ठेवायची आणि शेवटी रोग्यासकट परीक्षकांपुढे उभं राहायचं असा नियम होता. मला शोधावं लागलं नाही. आमच्या शेजारची मावशी गिरणीत वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळायच्या कामावर होती. तिचा उजवा खांदा इतका आखडला होता की वेणी घालायला सून लागायची. आजारपणाची रजा घेऊन ती घरीच होती.

मी गॅलरीत दोरी आणि कप्पी टांगली. भिंतीवर बोटांनी चढत जायचा व्यायाम दिला आणि बोटं पोचतील तिथे कोळशाने रेघ मारू लागले. रेघ वर सरकली की अख्खा मजला बघायला येई. मालीशवरून चिडवणारे काकाही चष्मा लावून रेघ तपासून गेले. अडीच महिन्यांनी मावशीने स्वतःची वेणी स्वतः घातली. त्या दिवशी मला वाटलं, मी जगातलं कुठलंही हाड जागेवर आणीन. मी वहीत ऐटीत लिहिलं, ‘हात पूर्ण वर जातो.’

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी मावशीला बजावलं, ‘मोठे डॉक्टर येणार आहेत, सरकारातले.’ रुबाब मारायची मला तेव्हा भारी खोड होती.

शेडमध्ये परीक्षकांनी माझी वही वाचली, मान डोलावली आणि मावशीला हात वर करायला सांगितलं. मावशीने हात छातीपर्यंत नेला, तोंड कसनुसं केलं आणि तो धप्पकन खाली टाकला.

‘जाणा नाय, डॉक्टर,’ ती कण्हत म्हणाली.

 घोळ मला लगेच उमगला, मावशीला हे गिरणीकडचेच डॉक्टर वाटले होते. गिरणीच्या डॉक्टरासमोर बरं दिसायचं नाही, हे आमच्याकडे रांगत्या पोरालाही ठाऊक होतं. ताठ चाललात की हातात कामावर जायची चिठ्ठी मिळे. डॉक्टरकडे जायचं तर बाप्ये दोन दिवस दाढी करत नसत आणि बायका जिन्यापासूनच लंगडायला लागत. मावशीची आठ दिवसांची रजा उरली होती. लेक पहिल्या बाळंतपणाला आली होती आणि ते आठ दिवस मावशीने तिच्यासाठी जपून ठेवले होते.

परीक्षक वहीवर बोट ठेवून म्हणाले, ‘या नोंदी घरी बसून लिहिल्यात का? नोंदी खोट्या असतील तर परीक्षा इथेच संपली.’

ही सोंग करतेय, असं मला म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण मावशी माझ्याकडे पाहत होती आणि हे खरंच सरकारातले डॉक्टर, ते कोणाला काय कळवतील याचा मला तरी कुठे भरवसा होता. माझीच नोंद चुकली असेल, असं मी सांगितलं. माझ्या कानात टाइपरायटरची टकटक सुरू झाली.

‘काय झाला गो?’ मावशीने विचारलं.

‘काही नाही, मावशी. मी नापास झाले.’

मावशीने एकदा माझ्याकडे, एकदा डॉक्टरांकडे पाहिलं. मग तिने उजवा हात उचलला तो सरळ कानाला लागेपर्यंत वर नेला.

‘लिवा, डॉक्टर. माझो हात बरो झालो. उद्या कामाक जातंय. पण ह्या चेडवाक नापास करू नकात.’

परीक्षकांना काही कळेना. कुठलं काम, असं ते विचारू लागले. मला रडू फुटलं. रडत रडतच मी त्यांना रजा, लेक, गिरणीचा डॉक्टर, सगळं सांगून टाकलं. त्यांनी वही मिटून बाजूला ठेवली. मग खुर्ची पुढे ओढून मावशीला समजावू लागले की ते गिरणीचे डॉक्टर नाहीत, गिरणीला काही कळवणार नाहीत, रजा तिची तिलाच राहील. आता हात खाली घ्या, असंही ते म्हणाले.

मावशीने ऐकून घेतलं. तिचा दंड थरथरायला लागला होता, पण हात तसाच होता.

‘आदी तिचे मार्क लिवा,’ ती म्हणाली.

त्यांनी पेन काढून लिहिलं, आकड्याखाली सही केली आणि कागद तिच्यापुढे धरला. मावशीला वाचता येत नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, तेव्हा कुठे तिने हात खाली घेतला.