सरचिटणीस जमिनीवरच

देशभरातल्या कॉलेजांच्या स्कायडायव्हिंग क्लबांना एकत्र आणणारी राष्ट्रीय संघटना मी उभी केली, आणि विमानातून मी स्वतः एकदाही उडी मारलेली नाही. लिहितानासुद्धा माझा मलाच संताप येतो. पोहायला न येणाऱ्या बाईनं गावभर विहिरी खणत हिंडावं, तशातली गत.

सुरुवात लातूरच्या कॉलेजात झाली. आमच्या क्लबात पाच-सहा पोरंपोरी होती, विमान अर्थातच नव्हतं. लांब उडीच्या वाळूत आम्ही टेबलावरून उड्या टाकायचो, पाय जुळवून पडायचं, कुशीवर लोळायचं. ही सगळी जमिनीला टेकायची तालीम, आभाळाचा पत्ताच नाही. हॉस्टेलच्या पोरी विचारायच्या, "काय गं, आज ढगातून पडलीस का स्टुलावरून?" मी चिडायचे आणि दुसऱ्या दिवशी परत वाळूत जायचे.

विमान यायचं भाड्यानं, आणि पाच पोरांसाठी कोण पाठवतंय? फोनाफोनी केली तेव्हा कळलं की नागपूर, इंदूर, बंगळूर, जिथं जिथं असा क्लब होता तिथं हीच रड. मग मीच म्हटलं, सगळ्यांनी मिळून संघटना करू, वर्षातून एक शिबिर घेऊ, एकच विमान सगळ्यांना पुरवू. पहिली बैठक नांदेडला घेतली, कारण तिथं रेल्वे येते आणि गुरुद्वाऱ्याच्या यात्रीनिवासात कमी खर्चात राहता येतं. लंगरमध्ये पोटभर जेवून दुपारभर आम्ही पदांवरून भांडलो. उड्या मारणारे मूठभर, पदाधिकारी ढीगभर! अध्यक्ष वयस्कर असला की कॉलेजं ऐकतात, म्हणून आमच्याच एका निवृत्त प्राध्यापकांना अध्यक्ष केलं. मी सरचिटणीस झाले. म्हणजे राबणारी.

नांदेडहून लातूरला परतताना वाटेत लोह्याला उतरले. तिथं माझ्या वडिलांचं, आबांचं, दोरखंड, बादल्या आणि पाइपांचं दुकान आहे. पहिल्या शिबिरात मला प्रशिक्षकाबरोबर जोडीनं उडी मारायची होती, आणि ते आबांना सांगायचं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ती छत्री कसल्या दोरीवर ऱ्हाती?" मी सांगितलं. समोरच्या दोरखंडाचा पीळ बोटांनी चाचपून बघितला. मग म्हणाले, "माझी ना न्हाई. पण आधी मला डोळ्यानं बघू दे. एक माणूस वरून नीट खाली आला, की तू जा." मला काय, स्वर्ग दोन बोटं उरला.

शिबिर लातूरबाहेरच्या धावपट्टीवर ठरलं. आबा आदल्या दिवशीच मुक्कामाला आले, धुवट धोतर, खांद्यावर उपरणं. सकाळी उजाडताना हवा अशी की झाडाचं पान हलत नव्हतं, लांबच्या वीटभट्टीचा धूर सरळ वर चालला होता. प्रशिक्षक हात चोळत म्हणाला, "हीच वेळ आहे. ऊन चढलं की जमीन तापते, वारा उठतो. लगेच निघू." आधी अनुभवी पोरं उडणार होती, आबा बघणार होते, आणि पुढच्या फेरीत मी.

अध्यक्ष आडवे आले. "पाहुणे यायचेत अजून. त्यांच्याआधी विमान उडालं तर उद्घाटन कशाचं करायचं? नारळ काय रिकाम्या धावपट्टीवर फोडायचा?"

"सर, वारा थांबणार आहे का पाहुण्यांसाठी?"

"आणि पाहुणे रुसले तर पुढच्या वर्षी ही धावपट्टी देणार कोण? तू?"

त्यांचंही खरंच होतं, तेच तर दुखणं. आमच्याकडं मानपान आधी, काम मागून. लग्नात अक्षता टाकायला आलेला माणूस आधी हाराची वाट बघतो, तिथं विमानाची काय कथा! बाहेरगावची पोरं पाठीवर छत्र्या बांधून घामाघूम बसून राहिली आणि मी दारात ओवाळणीचं ताट घेऊन उभी राहिले. अंगात उडीचे कपडे, वर घाईघाईनं गुंडाळलेली साडी.

पाहुणे आले तोवर ऊन चांगलंच चढलं होतं. मग शाल, श्रीफळ, फेटे. पाहुण्यांना फेटा, त्यांच्याबरोबर आलेल्यांना फेटा, वैमानिकालासुद्धा फेटा. तो बिचारा डोकं अवघडून बसला. मग समई. पाहुण्यांनी वात लावली आणि ती विझली. परत लावली, परत विझली. सगळे हसले, कुणी म्हणालं, "आडोसा धरा की!" चार-पाच जण ओंजळी धरून उभे राहिले. त्यात मीही होते. हसू मला येत नव्हतं, कारण वात कशानं विझायलीय हे तिथं मला आणि प्रशिक्षकालाच कळत होतं. धावपट्टीच्या टोकाला वाऱ्यासाठी बांधलेली कापडी नळी आडवी फडफडत होती.

प्रशिक्षकानं नकार दिला. पाहुणे म्हणाले, "अहो, एवढी माणसं जमलीत, एक तरी उडी दाखवा." अध्यक्षांनी हात जोडले. शेवटी इंदूरचा एक सराईत मुलगा म्हणाला, मी जातो. प्रशिक्षक त्याला बाजूला घेऊन खूप वेळ बोलला, मग नाइलाजानं हो म्हणाला. विमान उडालं. छत्री उघडली तेव्हा अख्ख्या मैदानानं टाळ्या वाजवल्या, आबांनीसुद्धा. आणि मग वाऱ्यानं त्याला ओढत ओढत कुंपणापलीकडं, तुरीच्या शेतात नेऊन आपटलं.

लोकांनी मोबाइल वर केले. धावत सुटले ते आबा. मी साडी सावरत पोचले तोवर त्यांनी उपरणं फाडून त्याच्या मोडलेल्या नडगीला काठी बांधली होती आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. मुलगा आईला हाका मारत होता. आबा म्हणत होते, "हाय बाबा, आई यायलीय, आई यायलीय."

संध्याकाळी एसटी स्टँडवर ते म्हणाले, "तुझी हौस मी मोडली असं समजू नको. पण मला आता बघवणार न्हाई. तू नको." मी कबूल झाले.

तो मुलगा बरा झाला. बरा झाला म्हणजे काय, पुढच्याच्या पुढच्या वर्षी आमच्याच शिबिरात पुन्हा उडी मारून गेला आणि खाली आल्यावर मलाच मिठाई भरवली! संघटना वाढली. "आधी उडी, मग हार" हा नियम मी भांडून भांडून लावला. हदगावची, उदगीरची, कुठल्या कुठल्या खेड्यांतली पोरं माझ्या डोळ्यांदेखत आभाळातून उतरली. दर वर्षी प्रशिक्षक म्हणायचा, "मॅडम, आज तुम्ही चला." मी म्हणायचे, पुढच्या वर्षी. शब्द दिला होता ना! रात्री अंथरुणावर पडलं की फार जावंसं वाटायचं. गेल्या वर्षी मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, हिंडाफिरा, पण हिसका नको, कधीच नको. उडीचं विचारलं तर हसायलाच लागले.

बरी होऊन लोह्याला गेले. आबा आता थकलेत, पण दुकानात बसतात. एक गिऱ्हाईक पाइप घ्यायला आलं होतं. आबा त्याला म्हणाले, "ही आमची लेक. इमानातून उड्या मारती." मग माझ्याकडं वळून विचारलं, "का गं, वरून आपलं लोहा दिसतं का?"

मला राहवलं नाही. "आबा, मी कधीच उडी मारली नाही."

ते आधी हसले. थट्टा वाटली त्यांना. मग माझ्या तोंडाकडं बघून थांबले.

"तुम्हीच नको म्हणालात," मी म्हटलं. आवाज चढला माझा, गिऱ्हाइकासमोर.

"आगं, भेलो होतो मी तवा. बाप हाय, भेणारच की!" ते म्हणाले. "शिकायला लातूरला नको म्हणालो, गेलीस. लगीन तुझ्या मनानं केलीस. जल्मात माझं काही ऐकली न्हाईस. मग हेच कशाला ऐकत बसलीस?"

गिऱ्हाईक ताटकळलं होतं. आबांनी पाइप ओढून घेतला, मोजायला लागले आणि मध्येच म्हणाले, "बरी झालीस न्हवं आता? मग या हिवाळ्यात मार. मी येतो बघायला."

मी मान डोलावली आणि पाइपचं दुसरं टोक धरलं.