मामाच्या सायलेन्सरची मलमपट्टी

फुटक्या सायलेन्सरच्या व्हॅनमध्ये बारा बायका कोंबून रोज पहाटे निघणाऱ्या माणसाला तुम्ही कारागीर म्हणाल की गुन्हेगार? चांदूर बाजारात माझ्या थोरल्या मामाला लोक कारागीर म्हणतात. साऱ्या वऱ्हाडात तात्पुरत्या कामाचा इतका कायमचा भक्त दुसरा सापडणार नाही. खुर्चीचा एक पाय मोडला, तर यानं उरलेले तीन कापले आणि खुर्चीचा पाट केला. दाढ दुखू लागली तेव्हा लवंगतेलाचा बोळा ठेवून वर्ष काढलं. वर मलाच म्हणाला, "डाक्टर त काय, उपटूनच टाकते. त्यात अक्कल कायची?"

कापसाचा भाव दरसाल दगा देऊ लागला, तशा आमच्याकडच्या बाया वेचणी सोडून नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात जाऊ लागल्या. त्यांना ने-आण करायला मामानं ही म्हातारी व्हॅन घेतली. तिच्या सायलेन्सरचा पाइप बरोबर सीटखाली गंजून फुटलेला. व्हॅन पार तिकडे वलगावात असली की आमच्या अंगणात भांडी वाजत, असं मामी म्हणायची. मामानं आधी भोकावर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळली. ती वितळली आणि बायांनी नाकाला पदर लावले. मग तेलाच्या डब्याचा पत्रा तारेनं बांधला आणि खाली पॅकिंग म्हणून मी वाटायला आणलेली पत्रकं दुमडून घातली. कामगारांच्या हक्कांची पत्रकं! ती पेटली तेव्हा मला म्हणाला, "तुह्या कागदात जोर नाई, माय."

रफीकभाई वेल्डरनं गाडीखाली एकदाच डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं. "मामू, पाइप सड गया. वेल्डिंग किसपे करू? धरायला धड पत्रा तर असू द्या! नवा लागते. एक दिवस गाडी सोडून जा."

"एक दिवस गाडी उभी राह्यली त बारा जनींची हजेरी बुडते, समजते का?" मामा गुरगुरला. हे खरं होतं, आणि म्हणूनच त्याचा मला जास्त राग आला. आमच्या भागाला येणारी सरकारी मदतही अशीच भेगेवर लिंपलेली असते. पण सरकारला शिव्या देणं सोपं, मामाला देताना त्याच्याच घरचा चहा प्यावा लागतो.

मग त्यानं कहर केला. शेतातली काळी माती आणून पाइपावर थापली. जन्म काळ्या मातीत गेला, उन्हाळ्यात तिच्या भेगांत याच्या चपला अडकल्या, आणि हा गरम पाइपाला तीच लिंपतो! संध्याकाळपर्यंत तिची ढेकळं होऊन रस्त्यावर पडली. बारा जणींतली शांताबाई गल्लीतल्या सगळ्यांच्या चुली घालून देणारी. ती पोट धरून हसली. "भाऊ, काळी कुठं चुलीले लावते का? फाटते ना थे! पांढरी घ्या, त्यात सरकी काढलेला कापूस मळा." तिनं स्वतः माती मळून दिली.

पांढरी आठ दिवस टिकली. आवाज बसला आणि मामा मिशीला पीळ देत हिंडू लागला. त्यात थंडी पडली, बायांनी काचा लावून घेतल्या. माती वरच्या अंगानं, सीटच्या बाजूनं सुटली होती, ते कोणालाच दिसलं नाही. धुराला निदान वास असतो. त्यातल्या खऱ्या विषाला, कार्बन मोनॉक्साइडला, तोही नसतो. एके दिवशी कारखान्यावर पत्रकं वाटायला मीही गाडीत होते. डोकं ठणकत होतं, पण पहाटे उठल्यामुळे असेल म्हणून गप्प होते. बाकीच्याही गप्प. शांताबाईनं माझ्या खांद्यावर मान टाकली. झोप लागली असेल, असं वाटलं. तिच्या बांगड्या रुतत होत्या म्हणून हात उचलला, तर तो तसाच खाली पडला.

मी किंचाळले. गाडी थांबली, तिला बांधावर निजवलं. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले आणि विचारलं, "ड्यूटी गेली काय वं?" मामा तिच्या पायाशी बसून तिचे तळवे चोळत होता.  तिला दवाखान्यात पोचवायला मागून आलेला टेम्पो थांबवला. उरलेल्या अकरा जणी रस्त्यावर उभ्या राहिल्या, व्हॅनमध्ये कोणी चढेना. एक म्हणाली, "भाऊ, आज आमची हजेरी बुडू द्या. पन नवा बसवा."

बसवला. रफीकभाईच्या ओट्यावर मामा दिवसभर रिकाम्या हातानं बसून होता. शांताबाई बरी होऊन परत येऊ लागली. आता गाडीत इतकी शांतता असते, की त्याला करमत नाही. दर पाच मिनिटांनी मागे न बघता विचारतो, "कोनाचं डोकं त नाई दुखत ना, पोरीहो?"

तुम्हीही उद्या अशाच गाडीत बसाल. काच बोटभर उघडी ठेवा. डोकं दुखलं तर थंडीवर, झोपेवर, उपासावर ढकलू नका. मोठ्यानं बोला, गाडी थांबवा, आणि शेजारची मान टाकून बसली असेल तर तिला हलवून जागी करा.