धुऱ्यावरचा मारोती

जगातल्या यच्चयावत सम्राटांवर एकाच वेळी चिडलेला माणूस कळंब तालुक्यात एकच आहे, आणि ते नेमके माझे मावसाजी आहेत. शाळेतून निवृत्त झाले, पण इतिहास काही त्यांना सोडेना. रोमच्या बादशहापासून अश्वमेध करणाऱ्या आपल्या राजांपर्यंत त्यांच्या तावडीतून कुणी सुटलं नाही. "घोडा मोकळा सोडला म्हणे! लोकायच्या वावरात कायले सोडता? कोंडवाड्यात टाकाले पायजे होता!" स्पेनवाल्यांनी परक्या किनाऱ्यावर क्रूस रोवून जमीन आपली म्हटली, हे सांगताना कपातला चहा बशीत आणि बशीतला पायजम्यावर येई. एका लग्नाच्या पंगतीत ते सुलतानांवर असे कडाडले की घाबरलेल्या वाढप्याने त्यांची बुंदी शेजारच्याला वाढली. मावशी म्हणायची, "मेलेल्यायशी काहून भांडता? जित्ते कमी हायेत काय?"

जित्ता घरातच निघाला. मावसाजींच्या वावराला लागून एका मुसलमान मेकॅनिकचं वावर आहे. त्याला सगळे चाचा म्हणतात. मधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, शेंदूर लावलेला मारोती. गेल्या उन्हाळ्यात मावसाजींच्या मुलाने नांगरताना तो दगड चाचांच्या वावरात चांगला आत सरकवला आणि वर नारळ फोडला. देव जिथे, तिथे धुरा! चाचा बोलले असते तर देवाचे वैरी ठरले असते. गावाने सगळं पाहिलं, खोबरंही खाल्लं आणि मूग गिळून बसलं. त्या खोबऱ्याची मला अजून चीड येते.

मावसाजींनी भर दुपारी तो दगड कवेत घेतला आणि धापा टाकत जुन्या जागी आणून ठेवला. सदरा शेंदराने माखला होता आणि तोंड सुटलं होतं. "देव सोताहून सरकत नसते बे! त्याच्यामांगं जमीन पायजे असनारा असते. रोमात तेच, इथंबी तेच!"

मुलगा ओरडला, "बाबा, तुमी आपल्या धर्माचे हा का नाही?"

"हाओ, म्हनूनच उचलला! माह्या देवाले चोरीच्या कामाले लावतं?"

मुलगा बायकोपोरं घेऊन बाभुळगावला गेला, तो पोळ्यालाही आला नाही. पंगतीची बोलावणीही थांबली. परवा मी चहा दिला आणि मुद्दाम अश्वमेधाचा घोडा काढला. मावसाजी हसले नाहीत की चिडले नाहीत. चहाचा एक थेंबही सांडला नाही.

"सम्राटायवर राग धरनं सोपं होतं गड्या," ते फाटकाकडे पाहत म्हणाले. "त्यातला कोनी माह्या मांडीवर खेयला नव्हता."