वैतरणेकाठी बॅटरी, बाबा आणि लोडशेडिंग

तंबूत झोपायला मला फार काही लागत नाही. एक चटई, एक पांघरूण, आणि डास कमी असले तर आनंदच. माझ्या बाबांना मात्र वीज लागते. म्हणून ही पोस्ट नेहमीसारखी 'कुठे जावं, काय खावं' एवढ्यावर थांबणार नाही. वीज नसलेल्या जागी वीज कशी न्यावी, हे शिकताना आमच्या घरात जी धमाल झाली तीही तुम्हाला ऐकावी लागेल.

दोन वर्षांपूर्वी बाबांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास निघाला. डॉक्टरांनी एक मशीन दिलं. उशाशी ठेवायचा छोटा डबा, त्याला नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मास्क. रात्रभर ते हवा सोडत राहतं आणि बाबा शांत झोपतात. पण त्या दिवसापासून बाबांनी एकही रात्र घराबाहेर काढली नव्हती. लग्न असो, वास्तुशांत असो, जेवण उरकलं की घड्याळ बघायला लागायचे. कुणी राहायचा आग्रह केला तर उत्तर ठरलेलं, रात्री लाईट गेली तर?

मग जानेवारीत आई माझ्या मोबाईलवर वैतरणा धरणाच्या बॅकवॉटरचे फोटो बघत बसली होती. बराच वेळ बघितल्यावर म्हणाली, "आम्हाला नेशील का गं इथे? एक रात्र?" विचार करायच्या आधीच मी हो म्हणून बसले.

आता माझे बाबा म्हणजे एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात तीस वर्षं कंट्रोल रूममध्ये काढलेला माणूस. विजेचा विषय निघाला की ते सोफ्यावरून उठून डायनिंग टेबलावर येतात, कारण तिथे कागद पसरता येतो. पहिला पर्याय मंडपवाल्याच्या जनरेटरचा. त्याने तो आमच्यासमोर चालू करून दाखवला आणि गल्लीतली दोन कुत्री उठून निघून गेली. दुसरा पर्याय घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी. ती मी आणि बाबांनी मिळून दारापर्यंत आणली, तेव्हा आई म्हणाली की श्वासाचा त्रास एकाला आहे, कंबरेचा दोघांना होईल. बॅटरी परत जागेवर गेली. तिसरा पर्याय गाडीच्या बॅटरीवर मशीन चालवायचा. तो मीच मोडीत काढला, कारण सकाळी गाडी चालू झाली नाही तर ढकलायला तिथे कोण येणार?

राहिला लिथियम बॅटरीचा डबा, ज्याला बाजारात पॉवर स्टेशन म्हणतात. मेन रोडजवळच्या दुकानदाराने हा शब्द उच्चारला आणि बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "पॉवर स्टेशन? ह्याला?" त्यांनी डबा एका हाताने उचलून पाहिला, सहा किलोचा होता. ज्या माणसाने आयुष्यभर मालगाडीने येणारा कोळसा मोजला, त्याचा हा अपमानच होता. दुकानदार हजार वॉट-तासांचा मोठा डबा घ्या, त्यावर फ्रीजसुद्धा चालतो, म्हणून मागे लागला. तंबूत फ्रीज कोण नेतं, असं विचारून बाबांनी त्याला गप्प केलं.

तुम्हीही घेणार असाल तर एवढंच करा. काय चालवायचं ते आधी ठरवा, ते किती वॉट खातं ते बघा आणि किती तास चालवायचं त्याने गुणा. आमचं मशीन हवा कोमट आणि दमट करतं, त्या हीटरसकट सरासरी पंचेचाळीस वॉट घेत होतं. आठ तासांचे तीनशे साठ, शिवाय डबा स्वतः थोडं खातोच. आम्ही पाचशे वॉट-तासांचा डबा घेतला. बरोबर घडीचं सोलर पॅनेलही घेतलं, पण बाबांच्या मते ते म्हणजे वरून शिंपडलेली कोथिंबीर, पोट त्याने भरत नाही.

घरी एक रात्र चाचणी झाली. सकाळी डब्यात वीस टक्के शिल्लक होते. मी खूश, बाबा गंभीर. वीस टक्के राखीव ठेवून कुणी निर्धास्त झोपतं का, असं त्यांचं म्हणणं. दुपारभर ते भिंग घेऊन डब्याचं माहितीपुस्तक वाचत बसले. मधे एकदा त्यांनी डब्याचं एक बटण दाबलं आणि समाधानाने मान हलवली. कुणीच काही विचारलं नाही, तिथे चुकलं.

शनिवारी सकाळी आठला नाशिकहून निघालो. महामार्गाने घोटीपर्यंत तासभर, रस्ता उत्तम. घोटीत चहा आणि वाटेत खायला भेळभत्ता घ्या. तिथून वैतरणेच्या रस्त्याला लागलं की गाडी आपोआप हळू होते, थोडी खड्ड्यांमुळे आणि थोडी दोन्ही बाजूंच्या डोंगरांमुळे. आई काच खाली करून बसली होती आणि दर वळणावर, आलं का, असं विचारत होती. बाबा मागच्या सीटवर डब्याला सीट बेल्ट लावून त्याच्याशेजारी बसले होते.

मुक्काम दशरथभाऊ आणि मथाबाई यांच्या शेतावर. भात निघाला की ते पाण्याकाठच्या तुकड्यावर चार तंबू लावतात. माणशी अकराशे रुपये, त्यात दोन जेवणं, चहा, नाश्ता. घर वर वाडीत, शेतात वीज नाही. त्या दिवशी आमच्याशिवाय कुणीच आलेलं नव्हतं. जेवायला नागलीची भाकरी, वालाची उसळ, खुरासणीची चटणी आणि इंद्रायणीचा वाफाळता भात. बाबांनी भात तीनदा घेतला.

हात धुतल्याबरोबर बाबांनी कागद काढला. त्यावर लोडशेडिंगचं वेळापत्रक होतं. तीस वर्षं लोकांकडून लोडशेडिंगच्या नावाने शिव्या खाल्लेल्या माणसाने तंबूतही ते आणावं, हे त्यांनाच जमतं. मोबाईल चार्जिंग बंद. आईने हौसेने आणलेली दिव्यांची माळ बंद, कारण अनावश्यक भार. मशीनचा हीटरही बंद, एक रात्र कोरडी हवा घेतली तर काही बिघडत नाही. डबा फक्त मशीनसाठी. रात्रीच्या आधी एक तालीम म्हणून ते दुपारी तंबूत मास्क लावून आडवे झाले. मी आणि आई पाण्यात पाय सोडून बसलो.

दीड तासाने तंबूतून धडपडल्याचा आवाज आला. धावत गेलो तर बाबा उठून बसलेले, मास्क नाकावर, श्वास फुललेला. मशीन बंद पडलं होतं. डब्याच्या पडद्यावर सत्त्याण्णव टक्के दिसत होते, म्हणजे डबा भरलेला आणि तरीही वीज नाही. तेवढ्यात मथाबाई चहा घेऊन तंबूच्या दाराशी आल्या. त्यांना बघताच बाबांनी मास्क ओरबाडून काढला आणि उशीखाली ढकलला. चोरीची वस्तू लपवावी तसा.

मथाबाई गेल्यावर बाबा म्हणाले, "सामान भरा. पाचला निघालो तर सातपर्यंत घरी पोचू. झोपेत असंच बंद पडलं तर काय करायचं?"

त्यांचं चुकत नव्हतं. मी मुकाट्याने चटई गुंडाळायला घेतली. आई मात्र जागची हलली नाही. ती कधी आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही.

"मशीन तुमच्या नाकाला आहे, माझ्या पायाला नाही," ती म्हणाली. "तरी दोन वर्षं मीही घरातच आहे. मी तक्रार करत नाही. पण निघायच्या आधी ते का बंद पडलं एवढं तरी बघा. तुमचंच काम आहे ते."

बाबांनी डबा उचलला. बाहेर आंब्याखाली जाऊन तो मांडीवर घेऊन बसले. मशीन लावलं, पडद्यावरचा वॉटचा आकडा बघितला, मशीन काढलं, पुन्हा लावलं. मी चहा नेऊन दिला तो तसाच गार झाला. मग एकदम ते हसायला लागले. मला वाटलं, झालं, आता डोक्यावर परिणाम झाला.

झालं होतं असं. घरी ज्या बटणाने त्यांना समाधान मिळालं, ते होतं बचतीचं. ते चालू असलं आणि डब्यावरचा भार अगदीच कमी असला, तर डबा समजतो की कुणी काही वापरत नाहीये, आणि तासाभराने स्वतःहून बंद होतो. घरच्या चाचणीत ते बटण दाबलेलंच नव्हतं, शिवाय हीटर चालू होता. इथे बटण दाबलेलं होतं, वर बाबांनी हीटर काढला, मोबाईल काढले, माळ काढली. उरलं फक्त मशीन, जेमतेम आठ वॉटचं. विजेची एवढी बचत केली की वीजच गेली.

"अगं, एकलहऱ्यालाही हेच," बाबा सांगत होते. "लोकांना वाटतं जास्त भार आला की वीज बनवणारा संच बंद पडतो. पण भार फारच कमी झाला तरी संच सांभाळणं मुश्कील होतं. आम्ही नव्या पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवायचो हे." आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

बटण बंद केलं. तरी खात्री करायला हवी होती, आणि डबा तासाभराने बंद पडत होता, म्हणजे चाचणी किमान दीड तासाची हवी. झोप तर उडालेली. मग उजेड होता तोवर, उघड्यावर, आंब्याखालच्या खाटेवर बाबा मास्क लावून बसले. शिवाय भार असावा म्हणून आईची माळही जोडली. चार वाजता लख्ख उन्हात दिवे लागलेले आणि खाली बाबा, नाकाला नळी लावून.

व्हायचं तेच झालं. मथाबाई कपबशा न्यायला आल्या आणि खाटेपाशी थबकल्या. बाबांचा हात मास्ककडे गेला. पण काढला असता तर चाचणी मोडली असती. हात परत खाली आला.

"बाबा, ह्ये नाकाला काय लावलंय? वाफ घेता का?" मथाबाईंनी विचारलं.

बाबांनी सांगायला सुरुवात केली. तो मास्क लावून बोललं की हवा तोंडातून निसटते आणि सूर बदकासारखा येतो. मथाबाईंना हसू आलं, बाबांनाही आलं. मग मात्र बाबा रंगले. झोपेत घसा कसा मिटतो, मेंदू कसा दचकतो, हवेचा दाब काय करतो, सगळं टर्बाइन समजावावं तसं समजावलं. मथाबाई चक्क खाली बसल्या. म्हणाल्या, "आमचा सासरा लय घोरतो. मधीच आवाज बंद व्हतो, मग एकदम दचकून उठतो. आम्ही त्याची खाट पार खळ्यावर नेऊन टाकली. मला वाटायचं म्हातारपण हाय."

बाबांचा चेहरा बदलला. पोरी, त्यांना दाखवून आण, म्हणाले. मग पाच वाजता दशरथभाऊंबरोबर सासरे स्वतःच आले, काठी टेकत. बाबांनी लोडशेडिंगच्या वेळापत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून दिलं, कुठल्या प्रकारच्या डॉक्टरकडे जायचं, कुठली तपासणी विचारायची. आजोबांना नळीतून येणारा वारा हातावर घेऊन बघायचा होता, तोही बघू दिला. दीड तास कधीच उलटून गेला होता. मशीन चालूच होतं आणि निघायची वेळही टळून गेली होती. सामानाचं कुणीच नाव काढलं नाही.

रात्रीबद्दल सांगण्यासारखं काही नाही, कारण नऊ वाजता आम्ही तिघंही गाढ झोपलो. सकाळी पडद्यावर सत्तर टक्क्यांच्या वर शिल्लक होती, माळेसकट. आई उठली तेव्हा ऊन तंबूवर आलं होतं. म्हणाली, मला जागच आली नाही. तिने हे इतकं साधेपणाने सांगितलं की मला जरा वेळाने कळलं, दोन वर्षं ती रात्री मधे उठून बाबांच्या श्वासाचा कानोसा घेत होती. मला खरंच रडू आलं. मग नाश्त्याचे पोहे आले आणि ते आवरलं.

रविवारी दुपारपर्यंत घरी. हिशेबाने म्हणाल तर डबा महाग पडला, एका सहलीसाठी घेऊ नका. पण घरात श्वासाचं मशीन असेल, औषध थंड ठेवावं लागत असेल, तर नक्की विचार करा. आणि चाचणी घरी घ्याल ती तिथे जसं वापरणार तशीच घ्या. चाचणीनंतर एक बटणसुद्धा नवं दाबू नका.

आता शेवटचं. माझी आत्या येवल्याला असते, बाबांची थोरली बहीण. गेली दोन वर्षं बाबा तिच्याकडे सकाळच्या एसटीने जात आणि संध्याकाळच्या एसटीने परत येत. ती चिडायची, रडायची, बाबा बधायचे नाहीत. वैतरणेहून आल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्यांनी तिला फोन केला, आम्ही दोघं चार दिवस राहायला येतोय म्हणून. निघायच्या सकाळी मी डबा पूर्ण चार्ज करून दाराशी आणून ठेवला. बाबांनी मशीनची पिशवी खांद्याला लावली, चपला घातल्या आणि डब्याला वळसा घालून पुढे गेले.

"बाबा, हा राहिला," मी म्हणाले.

"तिथे भिंतीत प्लग आहे गं," बाबा म्हणाले.

होताच. दोन वर्षांपूर्वीही होता.