खंडेनवमीला मी समुद्रात होतो

वाळूजच्या ज्या कारखान्यात मी बावीस वर्षं काढली, तिथं खंडेनवमीला दुपारनंतर एकच कामगार हजर असायचा, आणि तो मी. सकाळी मशीनची पूजा व्हायची. झेंडूचे हार, हळदकुंकू, नारळ, प्रत्येकाच्या हातावर पेढा. एकदा पूजा झाली की दसरा उलटेपर्यंत मशीनला हात लावायचा नाही, असा आमच्याकडचा दंडक. साडेअकराला कंपनीची बस सगळ्यांना घेऊन निघायची. मी बौद्ध घरातला. पूजा करत नाही, पण इतरांच्या पूजेत कधी आडवाही आलो नाही. मेंटेनन्सला होतो, विजेच्या पॅनल रूमच्या चाव्या माझ्याकडं असायच्या. लोकांनी सणाला घरी जावं, मी थांबतो, आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, मला बुद्धलेणीवर जाऊ द्यावं, एवढंच माझं म्हणणं. पहिल्या वर्षी मीच बोलून बसलो आणि मग ते कायमचंच माझ्याकडं आलं. त्या रिकाम्या शेडमध्ये, हार घातलेल्या मशीनमधून फेऱ्या मारायला मला आवडायचं. खोटं कशाला बोलू.

गेल्या वर्षीच्या खंडेनवमीला मात्र मी तिथं नव्हतो. गोव्याच्या समुद्रात एका पांढऱ्याशुभ्र यॉटवर होतो, डोक्यावर कप्तानाची टोपी घालून.

तिथं मला नेलं ते माझ्या मित्रानं. त्याला अजून मित्र म्हणावं का, हे ठरत नाही, पण दुसरा शब्द लिहायला हात धजत नाही. तो लासूर स्टेशनचा, मी पडेगावचा. आयटीआय करून एकाच दिवशी कंपनीत लागलो. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन जरा कडेला बसलो होतो. का बसलो होतो, ते ज्यांना कळायचं त्यांना कळतं. हा आला, माझा डबा ओढून घेतला, आईनं केलेली वांग्याची भाजी चाखली आणि म्हणाला, "मीठ कमी हाय, पण चव लई भारी." त्या दिवसापासून आमचे डबे एकत्र. पुढं तो नोकरी करत शिकला, परीक्षा दिल्या आणि ऑफिसात गेला, कामगारांचं बघणारा अधिकारी झाला. लोकांसमोर मी त्याला साहेब म्हणायचो, दोघंच असलो की अरे-तुरे. तो मला कायम भाऊ म्हणायचा. त्याच्या बढतीच्या दिवशी कँटीनमध्ये सगळ्यात जास्त पेढे मी खाल्ले होते.

मी युनियनच्या कमिटीत होतो. आम्ही चौघं. पगाराचा करार अडकला होता आणि मशिनी दुसऱ्या राज्यात न्यायचं घाटत आहे, अशी कुजबुज वर्षभर चालू होती. मित्राला मी एकदा सरळ विचारलं. तो म्हणाला, "भाऊ, असं काय असतं तर तुला सांगितलं नसतं व्हय?" माझ्यासाठी विषय तिथंच संपला.

नवरात्र बसायच्या आधी त्यानं गोव्याचं काढलं. मोठ्या साहेबांची इच्छा आहे, करारावर सह्या व्हायच्या आधी कमिटीनं एक दिवस निवांत घालवावा, अख्खी यॉट फक्त आपल्यासाठी घेतली आहे, असं सांगायला लागला. अष्टमीला पहाटे निघायचं, नवमीला समुद्रात, दसऱ्याला परत.

मी म्हणालो, "नवमीला मी जाग्यावर असतो. आन् दसऱ्याला मला लेणीवर जायचंय."

"बावीस वर्षं थांबलास की. एक वर्ष दुसरं कुणी थांबल. लेणी काय कुठं जायली?"

कमिटीतला सगळ्यात जुना माणूस म्हणजे लेथवरचा आमचा टर्नर. तोंडाचा फटकळ. त्याला हे पटेना. "कंपनी चहाला कुरकुर करती, आन् आपल्याला जहाजात कामून बसवायली?" मी त्याला समजावलं. तो आपला माणूस आहे, मी सांगतो ना, असं मी म्हणालो.  "तू सांगायलास म्हणून येतो," टर्नर म्हणाला.

त्या वर्षी पूजेच्या साफसफाईचा जरा जास्तच थाट होता. मशीन थंड ठेवणाऱ्या कुलंटच्या टाक्या पार रिकाम्या करा, तेल काढा, मशीनच्या पायाचे बोल्ट ढिले करून खालची घाण काढा, अशी वरून सूचना आली. सणानंतर मशिनी लेव्हल करणारी माणसं येणार, असं कारण दिलं. दोन दिवस खपून मी हे सगळं स्वतः करवून घेतलं. एकाला तर नीट पुसलं नाही म्हणून झापलंसुद्धा. निघायच्या आदल्या दिवशी मित्र म्हणाला, पॅनल रूमच्या चाव्या माझ्याकडं दे, मी कुणाला तरी नेमून देतो. मी चाव्या खिशातून काढल्या आणि त्याच्या हातावर ठेवल्या.

समुद्र मी आधी पाहिला होता, सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर. पण तिथं माणसांचाच समुद्र, खरा नुसता त्यांच्या पाठीमागून दिसायचा. हा वेगळा. यॉटवर चढताना चपला एका टोपलीत काढून ठेवायच्या होत्या. आमच्यातल्या एकाचे नवरात्राचे अनवाणी दिवस होते, तो टोपलीकडं बघून म्हणाला, "मी तर घरूनच तयारीनं आलोय." सगळे हसलो. मग मित्रानं एक प्लास्टिकची पिशवी पुढं केली. आज कुणी फोन हातात धरायचा नाही, नुसती मजा करायची, फोटो मी काढतो. आम्ही शहाण्या लेकरांसारखे फोन पिशवीत टाकले.

मांडवीच्या मुखातून बाहेर पडलो तसा उजव्या हाताला आग्वादचा किल्ला आला. तांबडा चिरा, खाली पाण्यात उतरलेली तटबंदी, मग माडांची रांग, वाळू, मध्येच एखादं पांढरं चर्च. किनारा बाजूनं सावकाश सरकत होता आणि आम्ही गाद्यांवर पाय पसरून बसलो होतो. गाद्या इतक्या पांढऱ्या की टर्नर पहिला अर्धा तास रुमाल टाकून त्यावर बसला. कप्तान साठीचा, गोव्याचाच, कमी बोलणारा. मला खालून इंजिनाचा आवाज ऐकू येत होता. दोन डिझेल इंजिनं होती आणि डावं किंचित ठोकत होतं. राहवेना म्हणून कप्तानाला सांगितलं, एखादा इंजेक्टर बघा. त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडं नीट पाहिलं. आठवडाभर मेकॅनिकला हेच सांगतोय, तो ऐकत नाही, म्हणाला. त्या एका वाक्यावर आमचं जमलं. त्यानं स्वतःची टोपी माझ्या डोक्यावर ठेवली, सुकाणूचं चाक माझ्या हातात दिलं आणि शेजारी उभा राहिला. एवढी मोठी बोट माझ्या हाताखाली वळत होती. आनंद झाला, खूप झाला. आता तो आनंद आठवला की माझीच मला लाज वाटते. अनोळखी इंजिनातली खोट मला दहा मिनिटांत ऐकू आली होती, आणि बावीस वर्षांच्या ओळखीचा मित्र समोरच उभा होता, त्याच्यातली ऐकू आली नाही.

"भाऊ, इकडं बघ," मित्र म्हणाला आणि त्यानं फोटो काढला.

दुपारी एका छोट्या खाडीत नांगर टाकला. मी सुरमई खाल्ली, उपासवाल्या दोघांनी घरून आणलेले साबुदाणा वडे काढले. मित्रानं काहीच खाल्लं नाही. त्याच्या घशाखाली घास उतरला नसेल, असं माझी बायको म्हणते. मी म्हणतो, मनबिन काही खात नव्हतं, नवरात्राचा कडक उपास होता, दरवर्षी करतो. त्याची बाजू घ्यायची माझी हौस आता फिटली आहे.

चारच्या सुमारास धक्क्याला लागलो आणि फोन परत मिळाले. माझ्या फोनवर कंपनीच्या गेटसमोरच्या चहावाल्याचे आठ-नऊ कॉल पडले होते. चहावाला कधी फोन करायचा नाही. मी तिथंच उभं राहून लावला.

"मामू, किधर हो? अंदर दो क्रेनां गये. बाहर ट्रेलर खडे हैं. लोगां को बुलाऊ क्या?"

मी फोनवर हात ठेवून मित्राला विचारलं, "आपल्या शेडमध्ये क्रेन कामून आल्यात रे?"

तो टोपलीतून चपला काढत होता. मान वर न करता म्हणाला, "फ्लोअर नवा करायचाय ना. मशिनी तात्पुरत्या मागच्या शेडला सरकवायलेत. सुट्टीतच होतं असलं काम." आणि माझ्या चपला उचलून त्यानं माझ्या पायासमोर जोडून ठेवल्या. "घाल, पाय भाजतील."

मी चपला घातल्या. चहावाल्याला म्हणालो, "काय नाय, फरशीचं काम हाय. कुणाला बोलवू नको, सणाचं कशाला तकलीफ." तो म्हणाला, "तुम बोले तो ठीक है."

आमच्या धंद्यात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. मशीन गेटच्या आत आहे तोवर कामगाराचं म्हणणं ऐकून घेतात. गेटसमोर शंभर माणसं बसली की ट्रेलर बाहेर निघत नाही. त्या दुपारी दोन तासांत शंभर माणसं जमली असती. पडेगावातून, रांजणगावातून, बजाजनगरातून, पूजेचं कुंकू कपाळावर तसंच ठेवून आली असती. त्यांना बोलवायला चहावाला तयार होता आणि त्याला नको म्हणणारा मी होतो.

दसऱ्याला दिवसभर परतीचा प्रवास. मित्र आमच्याबरोबर नव्हता, त्याला गोव्यातच काम निघालं. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीची बस आली नाही. मोटारसायकलवर गेलो तर गेटला कुलूप, त्यावर नोटीस, आणि बाहेर सगळी माणसं. लॉकरमधलं सामान घ्यायला चौघाचौघांना आत सोडत होते. शेडचं शटर अर्धं वर होतं, त्याखालून वाकून मी आत गेलो. फरशीत मशिनींचे चौकोन तेवढे उरले होते. बोल्ट काढल्याची भोकं, आमच्याच हातांनी साफ केलेली, तेलाचा एक थेंब नाही. हार मात्र कुणी तुडवले नव्हते. मशीन उचलायच्या आधी ते काढून एका कोपऱ्यात नीट रचून ठेवले होते, नारळासकट. क्रेनवर आलेल्या कुणा परक्या माणसानं तेवढी रीत पाळली होती.

मित्राचा फोन लागला नाही. तो नव्या कारखान्यात रुजू झाल्याचं पंधरा दिवसांनी कळलं. मी तेव्हा सगळं उलटं लावून पाहिलं. खंडेनवमीच्या दुपारी शेडमध्ये कोण असतं, हे कंपनीतल्या साहेबांना कुठून ठाऊक असणार? ते त्यालाच ठाऊक होतं. कमिटीतले बाकीचे तिघं तर सणाला घरीच असतात, त्यांना एवढ्या लांब न्यायची गरजच नव्हती. ती यॉट, तो किनारा, त्या पांढऱ्या गाद्या, सगळं एका माणसाला तिथून हलवायला होतं.

आम्ही क्रांती चौकात धरणं धरलं. तिसऱ्या दिवशी माझ्याकडं बघण्याची लोकांची तऱ्हा बदलली. एकजण मोठ्यानं म्हणाला, "या कप्तान साहेब, या." मला कळेना. मग टर्नरनं त्याचा फोन माझ्यापुढं धरला. मी चाक धरून उभा, डोक्यावर टोपी, मागं निळंशार पाणी, दात दिसेपर्यंत हसू. खाली कुणीतरी लिहिलं होतं, मशिनी जात होत्या तेव्हा आपली कमिटी. प्रत्येक कामगाराच्या फोनवर तो फोटो पोचला होता.

"आपले फोन पिशवीत होते, फोटो त्यानंच काढलाय," मी म्हणालो.

"मला ठाऊक हाय ना," टर्नर म्हणाला. "पण ह्यांना कोण सांगणार? आन् मला तरी कुणी सांगितलं होतं, तो आपला माणूस हाय म्हणून?" फोन खिशात घालून तो पलीकडं जाऊन बसला. जेवणाची वेळ झाली. मी डबा घेऊन कडेला सरकलो. या वेळी कुणी तो ओढून घेतला नाही.

आता मी पैठण रोडला एका छोट्या वर्कशॉपमध्ये जातो. यंदा तिथंही खंडेनवमीला पूजा झाली. मी थांबलो नाही, सगळ्यांबरोबर घरी आलो. बायको म्हणते, तो फोटो काढून टाका फोनमधून, सारखं काय बघता त्यात. तिला वाटतं, मी समुद्र बघतो. समुद्र तर माझ्या पाठीमागं आहे. त्या फोटोत मी ज्याच्याकडं बघून इतका मनापासून हसतोय, तो माणूस कॅमेऱ्याच्या मागं उभा आहे.