खर्जरावांचं पेडल

खर्जराव चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचे. अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जडशीळ फ्रेम चढवायची, तिच्यात एकामागून एक काचा सरकवायच्या आणि विचारायचं, "हे बरं की ते?" एवढंच काम. पण एखादं गिऱ्हाईक फारच घोळ घालू लागलं, प्रत्येक काचेला नाक मुरडू लागलं, की खर्जराव आपलं ठेवणीतलं अस्त्र काढायचे. झिरोची काच. म्हणजे नंबरच नसलेली, खिडकीला असते तसली साधी काच. ती सरकवताच गिऱ्हाईक म्हणायचं, आता कसं लख्ख दिसतंय, आणि खर्जराव शेजारच्या सहकाऱ्याकडे बघून डोळा मारायचे. मग घरी जेवताना तो किस्सा बायकोला मीठमसाला लावून सांगायचे. लोकांना स्वतःचे डोळेसुद्धा कळत नाहीत, हे त्यांचं नेहमीचं समारोपाचं वाक्य असे. बायको पोळी वाढत ऐकून घ्यायची.

सुट्टीच्या दिवशी मात्र हे गृहस्थ एका छोट्या बँडमध्ये बेस गिटार वाजवायचे. बेस गिटार म्हणजे चार जाड तारांचं वाद्य. वाजत असलं तर कुणाच्या लक्षात येत नाही आणि थांबलं की गाणं पोकळ होतं. खर्जरावांना हे लक्षात न येणं सलत होतं. त्यांनी कुठेतरी ऐकलं, की पायाशी एक डबी ठेवतात, तिला पेडल म्हणतात. ती दाबली की आपण वाजवलेल्या सुराबरोबर त्याचा एक सप्तक खालचा सूरही घुमतो. जमिनीतून आल्यासारखा. झालं, खर्जरावांच्या डोक्यात खर्ज शिरला आणि बँडच्या गायिकेने 'खर्जराव' असं त्यांचं बारसं केलं.

पहिलं पेडल आणलं ते जुन्या पद्धतीचं. आवाज भरदार, पण जाड तारेवर खाली गेलं की ते घरघरायचं, तोतरं व्हायचं. ते बदलून दुसरं आणलं. ते खालचा सूर द्यायचं, वरचाही द्यायचं, फक्त किंचित उशिरा द्यायचं, उत्तर माहीत नसलेल्या विद्यार्थ्यासारखं. तिसऱ्याला तर पायाने खालीवर करायचा पत्राच होता. तो दाबत गेलं की सूर घसरगुंडीवरून उतरल्यासारखा खाली यायचा. ते वाजलं तेव्हा गायिका गाता गाता थांबली आणि कुणाला बरं वाटत नाहीये का, असं तिने विचारलं.

वाद्यांच्या दुकानातला विक्रेता भला माणूस. त्याने समजावलं, की या डबीला एका वेळी एकच सूर कळतो. बोट उचललं की तार गप्प करायची, शेजारची तार कुजबुजता कामा नये. दोन सूर एकदम गेले की ती गोंधळते. घोडं तिथंच पेंड खात होतं, पण खर्जरावांनी ते मनावर घेतलं नाही. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण दुसऱ्यांसाठी असते असाच त्यांचा समज होता. त्यांनी चौथं पेडल मागितलं.

इकडे तालमीचा निम्मा वेळ वायरी जोडण्यात जाऊ लागला. शेवटी गायिकेने निर्वाणीचा निरोप धाडला. संध्याकाळच्या तालमीला काय ते एक पेडल ठरवून या आणि नीट वाजवा, नाहीतर कार्यक्रमात बेस कीबोर्डवाला डाव्या हाताने वाजवील. निरोप घेऊन आला बँडचा ड्रमर, म्हणजे खर्जरावांचा सख्खा मेहुणा. डावा हात हे ऐकून खर्जरावांचा चेहरा पडला. इतक्या वर्षांची आपली जागा कुणाच्या रिकाम्या हाताला जाणार, याची त्यांना मनापासून भीती वाटली. तिसरं पेडल की चौथं, हे त्यांनी सकाळपासून शंभरदा वाजवून पाहिलं होतं आणि शंभरदा मत बदललं होतं.

बायको भांडी आवरून बाहेर आली. म्हणाली, तू भिंतीकडे तोंड कर, पेडल मी दाबते. डोळ्यांनी बघतोस म्हणून तुझा गोंधळ होतो. खर्जरावांना ते पटलं. शास्त्रशुद्ध वाटलं. ते भिंतीकडे वळले आणि कान टवकारून एकेक सूर जपून वाजवू लागले. मागे खटका वाजला.

"हे बरं," बायकोने विचारलं, "की ते?"

पुन्हा खटका. खर्जरावांनी डोळे मिटले. पहिला कोरडा होता, ते म्हणाले. दुसऱ्याला पोट आहे, वजन आहे. पुन्हा खटका, पुन्हा सूर. हा तर त्याहून खोल, छातीत जाणवतोय, दुकानातल्या त्या विक्रेत्याला यातलं ओ की ठो कळत नाही. असं बरंच बोलल्यावर मागे फार शांतता आहे हे त्यांच्या लक्षात आलं.

ते वळले. मेहुणा खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं बघत होता. बायकोच्या एका हातात तिसऱ्या पेडलची विजेची वायर होती, दुसऱ्यात चौथ्याची. एकाही डबीला वीज नव्हती. वीज नसली की या डब्या मुकाट बाजूला होतात आणि गिटारचा आवाज आहे तसा पुढे जातो.

"झिरोची काच," बायको म्हणाली.

खर्जरावांचे कान तापले. लाज वाटली, आणि तीही मेहुण्यासमोर.

मेहुण्याने घसा खाकरला. "दाजी, पण एक सांगू? आज तुम्ही खरंच चांगलं वाजवलंत. एक तार दुसरीत मिसळली नाही." मग म्हणाला, "तिकडे काय सांगू?"

खर्जरावांनी गिटार पुसायला घेतली.

"सांग, पेडल ठरलं."

तालमीला ते चौथी डबी घेऊन गेले आणि तिची विजेची वायर घरीच विसरले. गाणं सुरू झालं तसा त्यांनी खटका दाबला, आणि दुपारसारखाच कान देऊन एकेक सूर वाजवला. कीबोर्डवाल्याचा डावा हात खिशात गेला. शेवटी गायिका त्यांच्याजवळ आली आणि म्हणाली, "हे ठेवा. आधीची तिन्ही फालतू होती. याचा आवाज किती खोल आहे."

मेहुणा ड्रमचा स्क्रू पिळत खाली वाकला. खर्जरावांनी डबीकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले, "याला पोट आहे."

कार्यक्रमातही ती डबी त्यांच्या पायाशी तशीच, न पेटता बसून होती. पुढच्या आठवड्यात जेवताना बायकोने सहज विचारलं, की हल्ली दुकानात कुणी झिरोवाला येत नाही का.

"आज आला होता."

"मग?"

खर्जरावांनी पोळीचा तुकडा मोडला. "त्याला खरंच बरं दिसत होतं," ते म्हणाले.