बाळाच्या वाटेतली गाठ

दौंड-शिरूर एसटीत शेजारच्या पोरीचं पोट बघून मी आपली बोलून गेले, "जुळं दिसतंय गं."

ती हसली. "न्हाई आजी. एक बाळ आन् एक गाठ. गाठ साधीच हाय, पण खाली वाटेतच बसलीय, म्हणून बाळ आडवं झालंय." बोलताना तळहात पोटावरून आडवाच फिरवायची. रक्त जादा जाईल म्हणून सिझर पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात ठरलेलं. पहिलं बाळंतपण माहेरी होणार नाही, हे आईला सांगायला निघाली होती.

"आईनं बाज विणून ठिवलीय. फोनवर सांगितलं तर घाबरंल. समोर पोटाला हात लावून बघंल, मग पटंल."

गाठ ऐकून मी जरा सरकून बसले होते, खोटं कशाला बोलू? तिनं माझा हात ओढून कुशीला टेकवला. "हितं डोकं हाय बघा."